हरिहरच्या पायऱ्या, पाठीवरचं बाळ आणि पावसातला ओढा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. हरिहर किल्ल्याचे व्हिडिओ पाहून हट्ट धरून बसलीय. नेऊ का? कमरेला दोर बांधला तर चालेल? (एक आई, इंदिरानगर)

वयापेक्षा तिचं उतरणं बघा. हरिहरच्या कातळपायऱ्या चढताना मुलं सरसर जातात. पायऱ्यांना खोबण्या आहेत, त्यात बोटं नीट रुततात. रडू फुटतं ते परतताना. खालची दरी दिसते, पण पाय टेकायची पायरी दिसत नाही. तिथे दरीकडे पाठ आणि कातळाकडे तोंड करून, शिडीवरून उतरावं तसं उतरायचं असतं. गच्चीवरच्या टाकीला लोखंडी शिडी असेल तर आठवडाभर तिच्यावर सराव करून घ्या. तुम्ही खाली उभं राहायचं. खाली न बघता पायाने पायरी चाचपता येत नसेल, तर हरिहर पुढच्या वर्षी.

त्याआधी रामशेज किल्ला करा. नाशिक शहराजवळ आहे, वाट सोपी आहे. मग अंजनेरीचा किल्ला : तिथे पायऱ्या आहेत, पण चाल लांब, त्यामुळे दम कळतो. अंजनेरी उतरून आल्यावर मुलगी बडबड करत असेल तर तयारी झाली समजा. गप्प होऊन पाय ओढत असेल तर नाही.

दोराचं स्पष्टच सांगतो. एक टोक तिच्या कमरेला आणि दुसरं तुमच्या कमरेला, असा दोर बांधूच नका. ती घसरली की तुम्हीही ओढल्या जाल. वर भक्कम आधाराला अडकवलेला दोर, अंगात हार्नेस (कमरेला-मांड्यांना आवळायचे सुरक्षा-पट्टे) आणि दोर सांभाळणारा जाणकार, हे तिन्ही असेल तरच दोराचा उपयोग. नाहीतर एका मुलामागे एक मोठं माणूस, आणि तेही चढताना-उतरताना दोन्ही वेळा तिच्या खालच्या बाजूला. हात धरू नका, तिला दोन्ही हात मोकळे हवेत. ‘डावा पाय खाली, अजून थोडा, हां, टेकला’ एवढंच बोला. पिशवी, बाटली, मोबाइल तिच्याकडे काही नको.

शनिवार-रविवार टाळा. चढणारे आणि उतरणारे एकाच चिंचोळ्या रांगेत अडकतात, अरुंद पायरीवर ताटकळत उभं राहिलं की मुलांचे पाय लटलटायला लागतात. पायथ्याच्या निरगुडपाड्याहून उजाडताच निघा. पावसाळ्यात शेवाळ असतं, मुलांना नेऊच नका. वनखात्याचे निर्बंध बदलत असतात, आदल्या दिवशी चौकशी करा. पहिल्या पायऱ्या संपल्या की दरवाजा लागतो, त्यापुढे कातळात कोरलेली, वाकून जायची वाट, आणि मग पुन्हा पायऱ्या. म्हणून परत फिरायचा निर्णय पायथ्याशीच घ्यायचा. अर्ध्यावर घेतला तरी उतरणं काही चुकत नाही.

बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी आणि नखं आदल्या दिवशी कापलेली. उतारावर बोटं पुढे आदळून नख काळंनिळं होतं, आणि मुलं ‘परत कधी येणार नाही’ म्हणतात ती बहुतेक वेळा या नखापायी.

प्रश्न : बाळ दीड वर्षाचं, वजन 10 किलो. पाठीवरच्या कॅरिअरमधून कळसूबाईला न्यावं का? (सिडको)

नको. तिथल्या लोखंडी शिड्यांवर तुमचा तोल बाळाच्या हालचालीवर अवलंबून राहील. कॅरिअर आणि दुपटी-लंगोट धरून ओझं 15 किलोच्या आसपास जातं. शिवाय तुम्ही घामाने निथळत असता आणि बाळ मात्र हालचाल न करता वाऱ्यात बसलेलं असतं, ते गारठतं. त्याच्या तळव्यांना अर्ध्या-अर्ध्या तासाने हात लावून बघा. गार लागले किंवा निळसर दिसले तर खाली उतरवून पाय मोकळे करा. पाय लोंबकळत नकोत, गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर राहिले पाहिजेत. बाळाचं डोकं तुमच्या डोक्याच्या वर असतं हे विसरून लोक फांदीखालून वाकून जातात आणि फांदी बाळाला लागते. सध्या पांडवलेणीच्या पायऱ्या पुरे, त्याही सकाळी.

प्रश्न : जुलैत मुलांना घेऊन दुगारवाडी धबधब्याला जायचंय. पाण्यात किती आत जाऊ द्यावं? (नाशिकरोड)

पाणी किती खोल यापेक्षा वर डोंगरात काय चाललंय ते महत्त्वाचं. तुमच्या डोक्यावर ऊन असताना त्र्यंबकच्या बाजूला सर आली, तर ओढा काही मिनिटांत फुगतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहत आल्या किंवा आवाज बदलला, की मुलांना उचलून लगेच उंचावर. सामान राहू द्या. तुम्हाला गुडघाभर असलेलं पाणी सहा वर्षांच्या पोराला कमरेपर्यंत येतं, आणि ओढ असेल तर तेवढ्यात पाय सुटतात. परतीची वाट पाण्याखाली गेली तर ओलांडू नका, उंच जागी थांबून 112 ला फोन लावा. वर पाऊस ओसरला की असा ओढा सहसा उतरतो. रेंज मिळेलच असं नाही, म्हणून परतायची वेळ घरी सांगून निघा. प्रवेशबंदीचा आदेश असेल तर अर्थातच बेत रद्द.

जीन्स नको, ती ओली झाली की वाळत नाही आणि मूल कुडकुडतं. कोरड्या कपड्यांचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सोबतच घ्या, गाडीत नको.

प्रश्न : ओआरएसचं (जलसंजीवनीचं) पाकीट विसरलो तर? (पंचवटी)

एक लिटर प्यायचं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, म्हणजे पाच मिलीचा. मीठ वाढवू नका.