‘वेन्ट’ आणि ‘ब्रॉट’ जिभेवर कसे बसतील?

प्रश्न : मुलगी पाचवीत, सेमी-इंग्रजीत आहे. क्रियापदांची भूतकाळी रूपं रोज घोकते, तरी बोलताना ‘आय गोड’ (goed), ‘आय ब्रिंग्ड’ म्हणतेच. गाणी-खेळांनी फरक पडेल का?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, नक्की पडेल. आणि ‘गोड’ म्हणते म्हणून रागावू नका. तिला भूतकाळासाठी ‘एड’ (-ed) जोडायचा नियम कळलाय, म्हणूनच ती तो सगळीकडे लावते. इंग्रजी मातृभाषा असलेली लहान मुलंही असंच बोलतात.

आधी ती एबीसीडीच्या क्रमाची यादी बाजूला ठेवा. क्रियापदं आवाजावरून लावा : सिंग-सँग, रिंग-रँग, ड्रिंक-ड्रँक एका कडव्यात; ब्रिंग-ब्रॉट, बाय-बॉट, कॅच-कॉट दुसऱ्यात. चाल तिच्या आवडीच्या भोंडल्याच्या गाण्याची घ्या, भूतकाळी रूपावर टाळी. ‘ब्रिंग’ मात्र ‘सिंग’च्या कडव्यात घुसू देऊ नका, नाहीतर ‘ब्रँग’ पक्कं बसेल. कट, पुट, हिट बदलतच नाहीत. तिथे टाळी नाही, पुतळा!

पण नुसत्या जोड्या गाऊन बोलणं येत नाही, हे माझं ठाम मत. रूप वाक्यात यायला हवं. रात्री जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांनी साखळी खेळा. ‘यस्टरडे आय वेन्ट टु पंचवटी.’ पुढचा तेच म्हणून ‘अँड बॉट चिवडा’ जोडेल, तिसरा ‘अँड सॉ द गोदावरी’. साखळी वाढते तसं ‘वेन्ट’ पुन्हापुन्हा कानावर पडतं. ती चुकली तर थांबवू नका; तुमच्या पाळीत बरोबर रूप स्पष्ट म्हणा. ‘डिड यू गो?’चे प्रश्न मात्र साखळी जमल्यावरच घ्या.