काजूच्या बिया, दोन सरासऱ्या आणि ०.०५ चा धसका

अरे, एवढं घाबरू नकोस. तुझा प्रश्न साधा आहे: वेंगुर्ला-४ ही काजूची सुधारित जात आणि गावठी काजू, यांच्या बियांच्या सरासरी वजनातला फरक खरा की योगायोगाचा? टी-टेस्ट ही संख्याशास्त्रातली चाचणी तेवढंच पाहते. सरासऱ्यांतला फरक किती आणि प्रत्येक गटात वजनं किती विखुरलेली, याचा तो हिशेब. (१९०८ साली ती मांडणारा गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत कामाला होता, आपल्या फेणीवाल्यांना आवडेल.)

सुरुवातीला एवढं सांभाळ:

१. एका झाडाच्या तीस बिया म्हणजे तीस नमुने नव्हेत. मी हेच केलं होतं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एकाच झाडाखाली बसून टोपली भरली, घरी एकेक बी तोलली. उत्तर आलं झकास, पण ते त्या झाडाबद्दलचं, जातीबद्दलचं नव्हे. झाडं वेगवेगळी घे.

२. एक जात पेडण्यातली, दुसरी सांग्यातली नको. मग फरक जातीचा की मातीचा, कोण सांगणार?

३. पी-व्हॅल्यू ०.०३ म्हणजे 'फरक नसण्याची शक्यता ३ टक्के' नव्हे. फरक मुळातच नसेल, तर योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ३ टक्के. हे दोनदा वाच, सगळे इथेच घसरतात. आणि पी-व्हॅल्यू ०.०५ या नेहमीच्या मर्यादेच्या वर गेली म्हणून जाती सारख्या ठरत नाहीत. झाडं कमी पडली असतील.

सॉफ्टवेअरमध्ये वेल्चची टेस्ट निवड (टी-टेस्टचाच प्रकार, दोन गटांतली वजनं सारखी विखुरलेली नसली तरी चालते), बाकीचं नंतर. अहवालात आधी फरक ग्रॅममध्ये लिही. अर्ध्या ग्रॅमने काय होतं, ते बागायतदारालाच विचार.