मिस्टरांनंतर मी उभी राहू का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी पारोळा तालुक्यातली. मिस्टर सरपंच होते, आता आमच्या गावाला ओबीसी महिला आरक्षण निघालं तर सगळे म्हणतात वहिनींनाच उभं करा. मिस्टर म्हणतात, "तू निस्ती सही कर, बाकी मी देखसू." मला खरंच काम करायचंय, पण लोक म्हणतील नवऱ्याच्या जिवावर आली. काय करू?

उत्तर : म्हणू द्या. थोडं खरंही आहे ते, मिस्टर सरपंच नसते तर गावाने तुमचं नाव घेतलं असतं का? पण पोराला बापाची सीट मिळते तेव्हा कोणी असं विचारत नाही, मग बायकोलाच का?

आपल्या जळगाव जिल्ह्यातच बघा ना. प्रतिभाताई पाटील १९६२ ला जळगावातून आमदार झाल्या तेव्हा त्यांचं लग्नही झालेलं नव्हतं, मिस्टर अमरावतीचे आमदार झाले ते बऱ्याच वर्षांनी, म्हणजे गाडी उलटीसुद्धा चालते. स्मिता वाघ यांचे पती भाजपचे जिल्हाध्यक्ष होते, पण झेडपी अध्यक्ष, विधान परिषद या पायऱ्या त्यांनी स्वतः चढल्या, २०१९ ला लोकसभेचं तिकीट जाहीर होऊन कापलं गेलं तरी घरी बसल्या नाहीत, २०२४ ला जळगावच्या खासदार झाल्या. आणि चोपड्यात २०१४ ला आमदार चंद्रकांत सोनवणे, २०१९ ला त्यांच्या पत्नी लताताई, २०२४ ला परत चंद्रकांत, असंही होतं.

आता कागदांचं. जातीचा दाखला माहेरचा लागतो, सासरच्या जातीवर राखीव जागा लढता येत नाही, तेव्हा भावाला फोन करून आजोबांचा शाळेचा दाखला शोधायला लावा, ओबीसीला १९६७ च्या आधीचा पुरावा बघतात आणि व्हॅलिडिटीला, म्हणजे जात पडताळणीला, वेळ लागतो. दुसरं, मिस्टरांनी सरकारी जागेत ओटा-बिटा वाढवलाय का ते बघा (हसू नका), एकत्र राहणाऱ्या घरच्यांचं अतिक्रमणही सदस्याला भोवतं, पद जातं असं सुप्रीम कोर्टाने २०१८ ला सांगितलंय, विरोधी पॅनलवाले नेमकं तेच शोधत बसतात.

आणि ती सही. कित्येक गावांत शिपाई प्रोसिडिंगचं रजिस्टर घरी आणतो, बाई कळण्याची भाकर थापता थापता पदराला हात पुसते आणि सही ठोकते, वर ठराव कशाचा लिहिलाय ते बघतही नाही. पंचायतीच्या चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) दोघांची सही असते, उद्या चौकशी लागली तर नोटीस तुमच्या नावाने येईल, देखसू म्हणणाऱ्याच्या नाही.

म्हणून फॉर्म भरायच्या आधीच मिस्टरांशी बोलून घ्या की मासिक सभेत ते बसणार नाहीत आणि रजिस्टर घरी येणार नाही. पॅनल जुळवायला, भाऊबंदकी मिटवायला त्यांचा अनुभव खुशाल वापरा, त्यात ते तुमच्यापेक्षा पक्के असणार. नाही म्हणाले तरी फॉर्म भरा, फक्त मग पॅनलच्या मीटिंगला त्यांना पाठवू नका, स्वतः जा.