'द हेल्प' हा चित्रपट सत्यकथेवर आधारित आहे का?

नाही. कथा काल्पनिक आहे, कॅथरीन स्टॉकेट यांच्या कादंबरीवर २०११ मध्ये हा चित्रपट आला. पण काळ आणि गाव खरं: १९६३, अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातलं जॅक्सन. गोऱ्यांची मुलं वाढवणाऱ्या काळ्या मोलकरणीला, एबिलीनला, घरातला संडास वापरायची बंदी, तिच्यासाठी वेगळा बांधतात! एका रात्री बस मध्येच थांबवून काळ्या प्रवाशांना उतरवतात आणि एबिलीन अंधारात धावत सुटते. त्यामागची घटना खरी आहे. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे मेडगर एव्हर्स यांना त्यांच्याच घरासमोर गोळी घातली गेली, मारेकऱ्याला शिक्षा व्हायला १९९४ उजाडलं. जरूर बघा. मला मात्र एक गोष्ट खटकते, मोलकरणींची कहाणी ती लिहून काढणाऱ्या गोऱ्या मुलीच्या हातूनच पुढे सरकते. मोलकरणींचाच आवाज दबला, असं एबिलीन साकारणाऱ्या व्हायोला डेव्हिस यांनीही नंतर बोलून दाखवलं.