माझं काम स्पर्धेला पाठवण्याइतकं चांगलं आहे का?

हाताने काही घडवणारी माणसं हा प्रश्न मला वारंवार विचारतात. कोणी भरतकाम करतं, कोणी मातीची भांडी, कोणी लाकडी खेळणी, प्रश्न तोच. त्यांच्यापैकी एका बाईंबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्या लहानपणापासून भरतकाम करत आलेल्या. एका हस्तकला स्पर्धेचा अर्ज भरून तयार ठेवायच्या आणि मुदत उलटून जाऊ द्यायच्या. "मॅडम, आत्मविश्वास आला की पाठवेन," असं त्यांचं म्हणणं. घरातले सगळे "पाठव, पाठव" म्हणून मागे लागलेले, पण त्याचा उपयोग शून्य. "घरचे छानच म्हणणार की!"

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास कुठून येतो ते मांडलं. स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कोणाला ते जमताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर आणि छातीतल्या धडधडीचा आपण लावलेला अर्थ, असे चार मार्ग. यांत पहिला सगळ्यात भक्कम. नुसता शब्दांनी दिलेला धीर त्यामानाने लवकर विरतो. म्हणजे आधी आत्मविश्वास आणि मग अर्ज, हा क्रमच उलटा होता. शिवाय मुदत टळली की त्यांना हायसं वाटायचं, आणि मला जास्त काळजी त्याची होती. पळालो म्हणून वाचलो, असं मन शिकतं आणि पुढच्या वेळी भीती आणखी वाढलेली असते.

मी त्यांना भरलेलं कापड घेऊन यायला सांगितलं. त्यावर जास्वंदीची फांदी होती. पाकळ्या भरीव टाक्याच्या, परागांना गाठीचे टाके. कापड टेबलावर ठेवताच त्यांनी स्वतःच ते उलटं केलं आणि एका जागी बोट ठेवलं. तिथे लाल धागा न तोडता एका फुलावरून दुसऱ्या फुलापर्यंत नेला होता. "हे बघा. परीक्षकांची नजर इथेच जाणार." मी कापड सुलटं केलं. मला ती जागा सापडेना.

कुठे चुकलं हे घडवणाऱ्याला पाठ असतं. बघणाऱ्यासमोर फक्त फुलं असतात. तरीही "कोणाला दिसत नाही हो" म्हणून मी त्यांची समजूत घातली नाही. काही परीक्षक मागची बाजू खरंच पाहतात, हे त्यांनाही ठाऊक होतं.

स्पर्धेच्या माहितीपत्रकात गुणांकनाचे मुद्दे दिले होते: आखणी, रंगसंगती, टाक्यांची सफाई, फिनिशिंग. मी म्हटलं, हे काम अनोळखी बाईचं आहे असं समजा आणि प्रत्येक मुद्द्याखाली दिसतं तेवढंच लिहा. छान नाही, वाईट नाही. टाक्यांच्या सफाईखाली त्यांनी आधी "मला जमत नाही" लिहिलं, मग ते खोडून लिहिलं: "टाके लागून आहेत, मधून कापड दिसत नाही." पान भरलं तेव्हा उणिवा दोनच निघाल्या: तो मागचा धागा आणि कोपऱ्यात राहिलेली पेन्सिलची खूण. दोन्ही दुरुस्त होण्याजोग्या.

मग आधीच्या प्रदर्शनाचे फोटो पाहायला सांगितले, सगळ्या प्रवेशिकांचे. निव्वळ बक्षीसपात्र कामं पाहत बसलं तर उरलासुरला धीरही खचतो. भरतकाम जाणणाऱ्या, पण घरच्या नसलेल्या एका व्यक्तीला त्यांनी कापड दाखवलं. अर्ज देताना छाती धडधडणार हे आम्ही आधीच गृहीत धरलं होतं. ती धडधडली, आणि अर्जही गेला.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांचा शेरा मात्र मिळाला: रंगसंगती उत्तम, पानांच्या कडा सैल. पुढच्या भेटीत त्या शेऱ्यावर त्या तावातावाने बोलत होत्या. "कडा मी मुद्दाम सैल ठेवल्यात, पान वळलेलं दिसावं म्हणून. पुढच्या वेळी अर्जातच तसं लिहिणार आहे."