वाचकांचे प्रश्न : रेडिओसाठी गाणी आखूड झाली का?

प्रश्न : माझे मेहुणे आणि मी, दोघेही गेली चाळीस वर्षे कॅनडातील ‘रश’ या रॉक बँडचे चाहते आहोत. रविवारी सकाळी कोथरूडला त्यांच्या घरी आमची मैफल जमते आणि दर वेळी एकाच मुद्द्यावर येऊन अडते. त्यांचे म्हणणे असे, की 1976 च्या ‘2112’मध्ये वीस मिनिटांची रचना करण्याची हिंमत दाखवणाऱ्या या मंडळींनी 1980 नंतर रेडिओवर वाजावे म्हणून गाणी आखूड केली आणि स्वतःला विकले. मला मात्र त्यानंतरचेच अल्बम अधिक प्रिय आहेत. आमच्यात बरोबर कोण?
(एक वाचक, पौड रस्ता)

उत्तर : आपल्या मेहुण्यांच्या बाजूने एक गोष्ट आधी मान्य करायला हवी. 1975 चा ‘कॅरेस ऑफ स्टील’ फारसा विकला गेला नाही, तेव्हा रेकॉर्ड कंपनीने आटोपशीर, रेडिओवर चालतील अशी गाणी मागितली होती. त्यावर बँडमधील या तिघांनी रेकॉर्डची एक संपूर्ण बाजू व्यापणारी ‘2112’ ही वीस मिनिटांहून लांब रचना पुढे ठेवली आणि त्याच अल्बमने त्यांना तारले. हा इतिहास ज्याला पाठ आहे, त्याला 1980 च्या जानेवारीतील ‘पर्मनंट वेव्हज’ची सुरुवात पाच मिनिटांच्या आतल्या ‘द स्पिरिट ऑफ रेडिओ’ने झालेली पाहून वाईट वाटले असेल, तर ते मला समजू शकते.

परंतु तोच अल्बम उलटून पाहावा. त्यात साडेसात मिनिटांच्या आसपासचे ‘जेकब्ज लॅडर’ आहे आणि शेवटी नऊ मिनिटांहून मोठे ‘नॅचरल सायन्स’ आहे. पुढल्या वर्षीच्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’मध्ये ‘द कॅमेरा आय’ जवळजवळ अकरा मिनिटे चालते. ज्यांना केवळ रेडिओवर वाजायचे आहे, ते आपल्या सर्वांत मोठ्या संधीच्या वेळी असे करत नाहीत. शिवाय ‘द स्पिरिट ऑफ रेडिओ’ हे नाव टोरांटोमधील एका एफएम केंद्राच्या ब्रीदवाक्यावरून घेतलेले आहे. रेडिओने श्रोत्याला दिलेला आनंद आणि त्याच रेडिओभोवती चाललेला पैशाचा व्यवहार, हे दोन्ही त्या गाण्यात आहेत. विकले गेल्याचा आरोप नेमका याच गाण्यावर यावा, हे मला अन्यायाचे वाटते.

माझे मत विचाराल तर या काळात लांबी कमी झाली, पण गुंतागुंत कमी झाली नाही. ती थोड्या जागेत मावू लागली. ‘मूव्हिंग पिक्चर्स’मधील ‘टॉम सॉयर’ हे त्यांचे सर्वांत ओळखीचे गाणे साडेचार मिनिटांचे आहे आणि त्याच्या मधल्या वाद्यांच्या भागात सात मात्रांची मोजदाद चालते. (मोजदाद सातची आहे एवढेच, रूपक तालाचे खंड त्यात शोधू नयेत.) त्याच अल्बममधील ‘वाय वाय झेड’ तर बोटांवर मोजून पाहण्यासारखे आहे. टोरांटोच्या विमानतळाचा सांकेतिक शब्द मोर्स लिपीत वाजतो, तोच त्याचा आरंभीचा ठेका आहे. लांब ठोक्याला दोन आणि आखूड ठोक्याला एक मात्रा धरावी : पहिला ‘वाय’ लांब, आखूड, लांब, लांब, म्हणजे सात, दुसराही सात, आणि ‘झेड’ दोन लांब, दोन आखूड, म्हणजे सहा. वीस मात्रांचे आवर्तन पुरे होते. मी हे अनेकदा टेबलावर वाजवून पाहिले आहे आणि सहाच्या तुकड्यावर येताना अजूनही हात अडखळतो. ज्या अल्बममध्ये हे आहे, त्याला सवंग कसे म्हणावे?

आपल्या वादात ‘रेडिओ’ हा शब्द सरसकट वापरला जातो, तिथेच खरी गडबड होते. अमेरिकेत त्या काळी अल्बममधील गाणी वाजवणारी रॉकची एफएम केंद्रे एकीकडे होती आणि सर्वाधिक खपाची गाणी आलटून पालटून लावणारी केंद्रे दुसरीकडे. रशला पहिल्यांनी जवळ केले, दुसऱ्यांनी जवळजवळ नाही. अमेरिकेच्या पहिल्या चाळीस गाण्यांत त्यांचे एकच गाणे पोचले, ते म्हणजे 1982 च्या ‘सिग्नल्स’मधील पावणेचार मिनिटांचे ‘न्यू वर्ल्ड मॅन’, आणि तेही एकविसाव्या क्रमांकापर्यंतच. ते अल्बमच्या कॅसेटच्या दोन बाजूंची लांबी सारखी व्हावी म्हणून उरलेल्या जागेसाठी घाईने रचलेले गाणे होते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्याला ‘प्रोजेक्ट 3:57’ असे म्हणत, कारण त्याहून लांब झाले तर चालणार नव्हते. मोजून बसवलेले हे गाणे रेडिओसाठी नव्हे, तर फितीसाठी मोजले गेले होते.

हे मला विशेष जवळचे वाटते, कारण ही गाणी माझ्या कानावर रेडिओवरून कधी आलीच नाहीत. लक्ष्मी रस्त्याजवळच्या बोळात एक गृहस्थ कॅसेट भरून देत. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूस ‘पर्मनंट वेव्हज’ आणि दुसरीस ‘मूव्हिंग पिक्चर्स’ बसत असे. दुसऱ्या बाजूला चाळीस मिनिटांनंतर जी थोडी फीत उरली, तिच्यात त्यांनी मला न विचारता ‘न्यू वर्ल्ड मॅन’ भरून दिले होते. वहीच्या रेघा मारलेल्या कागदावर निळ्या शाईत गाण्यांची नावे, आणि हे एक नाव खाली तिरके, जागा नसल्यामुळे. ते गाणे कशासाठी रचले गेले, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

तेव्हा बरोबर आपण आहात, असे मी म्हणेन. मात्र 1978 च्या ‘हेमिस्फिअर्स’बद्दल मेहुण्यांशी वाद घालू नये. ‘ला व्हिया स्त्रांजियातो’ ही साडेनऊ मिनिटांची वाद्यरचना त्यांच्याकडूनच नीट ऐकून घ्यावी.

प्रश्न : आमचा कॉलेजमधील मित्रांचा बँड आहे आणि आम्ही मराठीत गातो. आमच्या एका गाण्याचा आरंभ दीड मिनिटाचा आहे. तो वीस सेकंदांवर आणला तर पुण्यातील एफएमवर गाणे लागेल, असे काही जण सांगतात. आणावा का?
(एक वाचक, कात्रज)

उत्तर : आरंभ ऐकताना तुमचे तुम्हालाच कंटाळवाणे वाटत असेल, तर आजच कापा. एफएमसाठी कापणार असाल, तर थांबा. शहरातील खासगी केंद्रांवर मुख्यतः हिंदी चित्रपटगीते लागतात. तुमचे गाणे तिथे बसत नाही याचे कारण त्याची सेकंदे नाहीत.

वरच्या उत्तरातील बँडचीच गोष्ट सांगतो. 1974 मध्ये त्यांचा पहिला अल्बम अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या एका रेडिओ केंद्रात गाणी ठरवणाऱ्या डोना हॅल्पर यांच्या हाती पडला. त्यांनी त्यातले ‘वर्किंग मॅन’ हे सात मिनिटांचे गाणे निवडले, कारण क्लीव्हलँड हे कारखान्यांतील कामगारांचे शहर होते. गाणे लागले आणि ही रेकॉर्ड कुठे मिळेल, असे विचारणारे दूरध्वनी येऊ लागले. त्यातूनच मोठ्या कंपनीशी करार झाला. म्हणून आपले गाणे कोणाच्या दिवसाशी जुळते, हे आधी पाहावे आणि तशा माणसापर्यंत ते स्वतः घेऊन जावे. सामुदायिक रेडिओ केंद्रांत आणि महाविद्यालयांच्या कार्यक्रमांत असा माणूस भेटण्याची शक्यता अधिक आहे. जाताना गाणे पूर्ण न्यावे, दीड मिनिटासकट.

प्रश्न : पुतणीला या बँडची ओळख करून द्यायची आहे. कोठून सुरुवात करावी?
(एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : ‘पर्मनंट वेव्हज’. जेमतेम पस्तीस मिनिटांचा आहे. ‘नॅचरल सायन्स’च्या आरंभी पाण्याचा आवाज येतो, तेव्हा पंखा बंद करावा.