मे महिन्यात आमचा लॅब्रॅडॉर दिवसभर पडून असतो, फिरायला नेलं तर रस्त्यातच बसतो, गुरगुरतो. आजारी आहे की लाडावलाय?

तुमचा कुत्रा चार वर्षांचा, एप्रिलपर्यंत ठणठणीत. आता जेवण अर्धं टाकतो, संध्याकाळी सहाला बाहेर काढला की थोडं चालून बसकण मारतो आणि कुणी जवळ गेलं की गुरगुरतो. घरचे म्हणतात, दोन फटके द्या, सुधारेल. कृपा करून फटके देऊ नका. तुम्ही लिहिलेल्यात हट्ट मला कुठेच दिसत नाही.

आधी एक करा. उद्या पहाटे पाचला त्याला बाहेर काढा. आपल्या नागपुरात मे महिन्यात जिवाला जरा बरं वाटतं ते त्याच वेळी. तेव्हा तो शेपूट हलवत उठला, वास घेत चालला, घरी येऊन जेवला, तर दिवसभराचं पडून राहणं उन्हामुळे आहे. पहाटेही मरगळलेलाच असेल, तर मात्र उन्हाला दोष देत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ‘नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू आहे, सुस्तावलाय’ म्हणत घरचे आठवडा काढतात आणि आत टिक फीवर, म्हणजे गोचीड चावून होणारा आजार, वाढत असतो, असं मी इथं बऱ्याच घरांत पाहिलंय.

म्हणून कान उलटे करून आत बघा, बोटांच्या बेचक्या बघा, पट्ट्याखाली बघा. गोचीड तिथेच दडून बसते. ओठ वर करून हिरड्याही बघा. लॅबच्या काही हिरड्या जन्मतः काळ्या असतात, पण जो भाग गुलाबी असतो तो पांढुरका दिसायला लागला, नाकातून रक्त आलं किंवा ताप असला, तर रक्ताची तपासणी करून घ्यायलाच हवी. ताप हात लावून कळत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्याला तो कायम गरमच लागतो. नाक कोरडं आहे की ओलं, यावरूनही काही ठरत नाही. आणि घरातली क्रोसिन-कॉम्बिफ्लाम त्याला चुकूनही देऊ नका, त्यानं यकृत, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. गुरांचं गोचीड मारायचं औषध अंदाजानं पाण्यात कालवून अंगाला चोळणंही तितकंच धोक्याचं आहे. कुत्र्याचं औषध त्याच्या वजनावर ठरतं, ते डॉक्टरांकडूनच घ्या. घरातल्या भिंतींच्या फटीही साफ करा, मादी गोचीड अंगावरून उतरून तिथे अंडी घालते.

आता रस्त्यात बसण्याचं. आपले बहुतेक रस्ते आता सिमेंटचे झालेत. दिवसभर ४५ अंशांत तापलेला रस्ता संध्याकाळी सहाला निवलेला नसतो. हाताची उलटी बाजू रस्त्यावर टेकवून सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला ठेववत नसेल, तर तो त्यावर अनवाणी चालतोय हे लक्षात घ्या. पंज्यांच्या गाद्या तपासा: लाल झाल्यात का, साल निघालीय का, तो पाय चाटतोय का. फिरणं सकाळी सहाच्या आत आणि रात्री नऊनंतर ठेवा, शक्यतो मातीच्या मैदानात. दुपारी शू-शीसाठी सावलीतली माती पुरे.

घरात कूलरसमोर झोपतो म्हणता, ते चांगलंच आहे, पण खिडकी उघडी ठेवा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, जिभेवरची नि श्वासनलिकेतली ओल उडते आणि त्यातूनच त्याचं अंग निवतं. बंद खोलीत कूलरनं दमटपणा साचला की ती ओल उडतच नाही. मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर आपल्याला कूलरपुढेही चिकचिक होते, तेव्हा त्याला मेपेक्षा जास्त त्रास होऊ शकतो. जूनमध्ये निर्धास्त होऊ नका.

गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडखाली त्याला बांधू नका, ‘फक्त तासभर’ म्हणूनही नाही. अंगावरचे केसही भादरू नका. ते ऊन अडवतात. रोज विंचरून मेलेले केस काढले की पुरतं.

पहाटे तो तरतरीत असेल, तर कमी जेवतो याची फार काळजी नको. दिवसभर हालचाल नाही, तर भूक कुठून लागणार? पहाटे आणि रात्री उशिरा जेवू घाला, बिनमिठाचा दहीभात चालेल. पाणी दोन-तीन ठिकाणी, मातीच्या पसरट भांड्यात ठेवा. आंब्याची कोय मात्र त्याच्या तोंडी लागू देऊ नका, आतड्यात अडकली तर ऑपरेशनच करावं लागतं. सावजी मटणाची शिजलेली हाडंही नकोत, त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात.

धाप थांबतच नाही, लाळ घट्ट तारेसारखी लोंबतेय, हिरड्या लालभडक झाल्यात, चालताना झोकांड्या जातायत, उलटी होतेय, तर तो उष्माघात समजा. आधी अंग गार करा, मग गाडी काढा. सावलीत घ्या, पोट, काखा, मांड्यांवर सतत पाणी ओता आणि पंखा लावा. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चटके देणारं येतं, म्हणून उन्हाळाभर सावलीत एक मोठी बादली भरलेली ठेवा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याखाली वाफ कोंडते. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका. नंतर ओल्या अंगानेच एसी लावून दवाखान्यात न्या. नेहमीचे डॉक्टर भेटले नाहीत, तर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. तिथल्या वेळा आजच विचारून ठेवा.

राहिलं गुरगुरणं. उकाड्यानं रात्रभर झोप नसलेला कुत्रा दुपारी डोळा लागल्यावर कुणी अंगावर हात टाकला की दचकतो. ‘मला सोडा’ हे तो दात न लावता सांगतोय. त्यासाठी मार खाल्ला, तर पुढच्या वेळी तो न गुरगुरता थेट चावेल. मुलांना सांगा, झोपलेल्या बंड्याला, की जे काही नाव असेल त्याचं, लांबून हाक मारायची आणि तो उठून आला तरच हात लावायचा. आणि नेमक्या एकाच जागी, कानाला किंवा कमरेला, हात गेला की गुरगुरत असेल, तर तिथे दुखतंय. डॉक्टरांना ती जागा आवर्जून दाखवा.